आमच्या वर्गणीतून दिलेला कौल कुणाचा? – चेंबर ऑफ कॉमर्सच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ व शासकीय धोरण समिती,
आपल्या शहराचे चेंबर ऑफ कॉमर्स,
सांता क्लारा काउंटी, कॅलिफोर्निया

विषय : राज्याच्या मतपत्रिकेवरील प्रस्तावांबाबत चेंबर घेत असलेल्या भूमिका

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

एल कमिनो रिआल रस्त्यावरच्या एका छोट्या व्यापारी संकुलात मी किराणा व फराळाचे दुकान चालवते आणि आपल्या चेंबरची वर्गणी भरणारी सभासद आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात रीतसर दिलेली आहे. मराठीतून ते जाहीर करण्याचे कारण असे, की चेंबरच्या सभासदांत मराठी बोलणारे दुकानदार, केटरर, हिशेबनीस, दंतवैद्य आणि शिकवणीवर्ग चालवणारे आता बरेच आहेत, आणि आपल्या नावाने चेंबरने कोणत्या प्रस्तावाला पाठिंबा दिला व कोणत्याला विरोध केला, हे त्यांच्यापैकी अनेकांना मतदान उलटून गेल्यावरच कळते.

दर वर्षी वर्गणीचे जे बिल येते त्याच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. वर्गणीचा अमुक टक्के भाग लॉबिंगसाठी वापरला जात असल्याने तेवढी रक्कम व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येणार नाही, असे ती सांगते. केंद्रीय करकायद्याने ही सूचना द्यावी लागते म्हणून ती असते. आमचे हिशेबनीस तिच्याभोवती लाल पेनाने गोल काढतात आणि आम्ही पुढच्या कागदाकडे वळतो. माझा पैसा राजकीय भूमिकेसाठी खर्च होतो हे चेंबरकडून मला स्पष्टपणे सांगितले जाते ते एवढ्या एका ओळीत. भूमिका कशी ठरली, कोणी ठरवली, ठरवताना कोणाला विचारले, यांपैकी काहीही सांगितले जात नाही.

चेंबरने भूमिका घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. व्यापारी संघटनेला तो अधिकार कायद्याने आहे आणि तो वापरलाही पाहिजे. आमच्यासारख्यांसाठी तर तो जास्तच मोलाचा आहे, कारण आमच्यातील कितीतरी दुकानमालक ग्रीन कार्डावर आहेत. ते विक्रीकर गोळा करून राज्याला भरतात, पगार देतात, मालमत्ता कराचा वाटा उचलतात, पण नोव्हेंबरमध्ये मतपत्रिका त्यांच्या घरी येत नाही. ती त्यांच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीच्या घरी येते. अशा सभासदाला राज्याच्या प्रस्तावांवर आपले म्हणणे मांडण्याची जी मोजकी जागा आहे ती म्हणजे चेंबर, आणि नेमक्या त्याच जागी त्याला कोणी काही विचारत नाही.

राज्याचे कायदे मतदारांनीच मतपत्रिकेवर थेट मंजूर किंवा नामंजूर करायचे, ही इथली पद्धत महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून आलेल्या माणसाला मुळात नवी असते. भारताच्या राज्यघटनेत कायद्यांवर लोकांचा थेट कौल घेण्याची तरतूद नाही, आणि गोव्यातील १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा आपल्या लोकांच्या स्मरणातला ठळक अपवाद आहे. पण तिथे प्रश्न एकच होता आणि तो एकदाच विचारला गेला. इथे मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारापुढे राज्याचेच १० प्रस्ताव होते. त्यांची अधिकृत माहितीपुस्तिका इंग्रजीखेरीज हिंदीसह अनेक भाषांत निघते, मराठीत निघत नाही. ती जाडजूड पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारे थोडेच, त्यामुळे चेंबरचे एकपानी पत्रक, म्हणजे प्रस्तावाचा क्रमांक, त्यापुढे ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’ आणि खाली एक वाक्य, हे पुस्तिकेपेक्षा जास्त वाचले जाते. या पत्रकाची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

२०२४ च्या पत्रकातील प्रॉप ३२ चे (प्रॉप म्हणजे ‘प्रपोझिशन’, मतपत्रिकेवरील प्रस्ताव) उदाहरण आधी घेते, कारण त्यात सगळे दुखणे उघडे पडते. राज्याचे किमान वेतन ताशी १६ डॉलरवरून १८ डॉलरपर्यंत न्यावे, असा तो प्रस्ताव होता; २६ किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना १८ डॉलरचा दर जानेवारी २०२५ पासून आणि लहान व्यावसायिकांना जानेवारी २०२६ पासून लागू झाला असता. राज्य पातळीवरील कॅलिफोर्निया चेंबरने त्याला विरोध केला आणि आपणही केला. विरोधाचे कारण म्हणून आपल्या पत्रकात लिहिले होते, की पगाराचा बोजा वाढून आपल्या शहरातील लहान दुकाने अडचणीत येतील.

आता आपल्या परिसराची वस्तुस्थिती पाहावी. त्याच वर्षी शेजारच्या सनीव्हेल शहराचा किमान दर १८.५५ डॉलर होता, माउंटन व्ह्यूचा १८.७५ डॉलर. आपल्या शहराचा दर महागाई निर्देशांकाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये आपोआप १८.२० डॉलर होणार होता, आणि तो झालाही. म्हणजे प्रॉप ३२ मंजूर झाला असता तरी आपल्या हद्दीतील एकाही दुकानाच्या पगारपत्रकात त्यामुळे एका सेंटचा फरक पडला नसता. परिणाम झाला असता तो दुसरीकडे. आपल्याच काउंटीतील गिलरॉय आणि मॉर्गन हिल या गावांत राज्याचा किमान दर चालतो. तिथल्या दुकानांचा मजुरीखर्च आमच्या जवळ आला असता आणि आमच्या तुलनेत त्यांना मिळणारा फायदा कमी झाला असता. उलट बाजूने फ्रेस्नो आणि आसपासच्या शेतांतून व पॅकिंग शेडमधून येणारी मेथी, भेंडी, हिरवी मिरची कदाचित महागली असती. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी करून विरोध केला असता तर मी तो मान्य केला असता, न पटताही. पण ती बेरीज कोणी केलीच नाही. राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून आलेला मजकूर आपल्या बोधचिन्हाखाली छापला गेला, एवढेच घडले. हा प्रस्ताव राज्यात ५०.७ विरुद्ध ४९.३ टक्के अशा काठावरच्या फरकाने पडला, म्हणजे ठिकठिकाणच्या अशा पत्रकांना अर्थ नसतो असेही म्हणता येत नाही.

प्रॉप १५ हे २०२० मधले प्रकरण. जुने झाले तरी ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण चेंबरच्या पोटात दोन वेगवेगळे हितसंबंध राहतात हे त्यात दिसले. १९७८ च्या प्रॉप १३ ने मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला आणि करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू दिले नाही; मालमत्तेची मालकी बदलली किंवा नवे बांधकाम झाले तरच नवे मूल्य धरले जाते. हिशेबापुरते उदाहरण घेऊ. १९७५ साली ज्या संकुलाचे मूल्य १० लाख डॉलर धरले गेले, त्याचे करपात्र मूल्य २ टक्क्यांच्या चालीने २०२० मध्ये सुमारे २४ लाख होते आणि मूळ दराने कर २४ हजार डॉलर. रस्त्यापलीकडचे तसलेच संकुल कोणी नुकतेच १ कोटी डॉलरना विकत घेतले असेल तर त्याचा कर १ लाख. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन इडलीवाले, आणि त्यांच्या भाड्यामागच्या करात चौपट फरक. घरे आणि शेतजमीन वगळून व्यापारी व औद्योगिक मालमत्तांना बाजारमूल्याने कर लावावा, असे प्रॉप १५ चे म्हणणे होते, आणि त्यातून दर वर्षी ६.५ ते ११.५ अब्ज डॉलर स्थानिक संस्था व शाळांना मिळतील असा अधिकृत अंदाज होता.

चेंबरने विरोध केला आणि कारण दिले ‘लहान व्यावसायिकांवरील कर’. यात खरे किती होते? आमच्यासारखे बहुतेक भाडेकरू ट्रिपल नेट करारावर असतात, म्हणजे भाड्याशिवाय मालमत्ता कर, विमा आणि देखभालीचा खर्च आपापल्या चौरस फुटांप्रमाणे आम्हीच भरतो. मालकाचा कर वाढला की पुढच्या बिलात तो आमच्याकडे येणार, हे खरे. जागांचे दर असे आहेत, की ३० लाख डॉलरपर्यंतच्या मालकांना दिलेली सूट आमच्या भागातील जवळजवळ कोणत्याच संकुलाला लागली नसती, हेही खरे. पण त्याच प्रस्तावात दुसरी तरतूद होती. दुकानातील यंत्रे, फर्निचर अशा सामानावर जो मालमत्ता कर लागतो, तो ५० पर्यंत कर्मचारी असलेल्या लहान व्यवसायांना पूर्ण माफ होणार होता. आमच्यासारखी दुकाने दर वर्षी १ एप्रिलच्या सुमारास काउंटी असेसरकडे (मालमत्तेचे करपात्र मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) यादी पाठवतात : दोन डीप फ्रीझर, पिठाची चक्की, डोशाचा तवा, काउंटर, कॅमेरे, कोणते कोणत्या साली घेतले आणि कितीला. त्या यादीवरचा कर गेला असता. चेंबरच्या पत्रकात या माफीचा उल्लेख नव्हता. ज्या मालमत्तांत निम्मी किंवा अधिक जागा लहान व्यावसायिकांकडे आहे त्यांचे फेरमूल्यांकन २०२५ पर्यंत लांबवले होते, त्याचाही नव्हता.

दोन्ही बाजू तोलून मी स्वतःही त्या वेळी विरोधाकडेच झुकले असते, हे मोकळेपणाने सांगते. माझी तक्रार निष्कर्षाबद्दल नाही. मंडळावरील किती संचालक स्वतः व्यापारी जागांचे मालक आहेत, आणि हा विषय निघाला तेव्हा त्यांनी तसे सांगितले का, हे सभासदांना कळले नाही, ही माझी तक्रार आहे. मालकाचा आणि भाडेकरूचा फायदा कधी एकच असतो, कधी नसतो. ‘व्यावसायिकांचे हित’ या शब्दांखाली दोघांना एकत्र बांधले, की ज्याची खुर्ची मोठी त्याचे हित तेवढे उरते.

प्रॉप ३६ ला आपण पाठिंबा दिला आणि तो योग्य होता, असे मला वाटते. माझ्या मराठी मित्रमंडळींत यावर दोन तट आहेत आणि ते तसेच राहतील. २०१४ च्या प्रॉप ४७ ने ९५० डॉलरपर्यंतची चोरी बहुतांशी किरकोळ गुन्ह्यात घातली होती. प्रॉप ३६ ने, पूर्वी दोनदा चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याने पुन्हा चोरी केली तर रक्कम कितीही असो, गंभीर गुन्हा लावण्याची वाट मोकळी केली, आणि वेगवेगळ्या चोऱ्यांच्या रकमा एकत्र धरण्याचीही. सुमारे ६८ टक्के मतांनी तो मंजूर झाला. माझ्या दुकानात ९५० डॉलरची चोरी होत नाही. होते ती तुपाच्या दोन मोठ्या बरण्यांची किंवा केशराच्या डब्यांची, चाळीस-पन्नास डॉलरची, आणि तोच माणूस काही दिवसांनी पुन्हा दारात दिसतो. केशर आता गल्ल्यामागच्या कुलूपबंद कपाटात असते आणि ते मागायला गिऱ्हाईक संकोचते.

तरीही पत्रकाने या प्रस्तावाच्या पदरात जे घातले ते त्यात नव्हते. काचा फोडून होणाऱ्या चोऱ्या थांबतील, असे सुचवले गेले. काच फोडून आत शिरणे हा प्रॉप ४७ च्या आधीही आणि नंतरही गंभीर गुन्हाच होऊ शकत होता. तिथे अडचण कलमाची नव्हती, पकडण्याची होती. दोन पूर्वीच्या शिक्षा असलेल्याला जबर शिक्षा हवी असेल तर पहिल्या दोन वेळा कोणीतरी त्याला पकडून न्यायालयापुढे उभे केलेले असावे लागते. शिवाय तुरुंगावरील खर्च वाचवून प्रॉप ४७ जो निधी व्यसनमुक्ती व मानसिक उपचारांना, शाळा बुडवणाऱ्या मुलांसाठीच्या कामाला आणि गुन्ह्यांतील पीडितांना देत होता, तो प्रॉप ३६ मुळे घटणार, आणि नव्या प्रस्तावाने सक्तीच्या उपचारांसाठी वेगळा पैसा ठेवलेला नव्हता. पाठिंबा देणाऱ्या संघटनेने हे दोन वाक्यांत लिहिले असते तर काही बिघडले नसते. त्याच जोरावर मतदानानंतर काउंटीकडे उपचारकेंद्रांसाठी आणि शहराकडे दुकानचोरीच्या तक्रारींसाठी माणूसबळ मागता आले असते. तसे निवेदन चेंबरने दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

प्रॉप ५ बद्दल थोडक्यात. परवडणारी घरे आणि स्थानिक पायाभूत कामांसाठीच्या कर्जरोख्यांना दोन-तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतांची मंजुरी पुरावी, असा तो होता. मालमत्ता कर वाढेल म्हणून आपण विरोध केला आणि प्रस्ताव पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या आपल्या भागाच्या, घरांसाठीचा २० अब्ज डॉलरचा कर्जरोखा तर मतपत्रिकेवर यायच्या आधीच मागे घेतला गेला होता. विरोध करायला हरकत नाही. पण चेंबरच्या जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात ‘माणसे मिळत नाहीत’ हे रडगाणे असते, आणि माझ्याकडे पहाटे चटणी वाटायला येणारी बाई काउंटीबाहेरच्या लांबच्या ट्रेसी गावाहून निघते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे पत्रकाला एका ओळीत तरी मान्य करता आले असते.

प्रॉप ३३ आणि ३४ यांवर मी थांबत नाही. मात्र आरोग्यसंस्थांनी औषधांच्या सवलतीतून मिळालेला पैसा कशावर खर्चावा यावर बंधन घालणाऱ्या ३४ च्या निशाण्यावर प्रत्यक्षात आरोग्यसेवा देणारी एकच संस्था होती, जिने भाडेनियंत्रणाच्या प्रॉप ३३ ला पैसा पुरवला होता, आणि या प्रॉप ३४ मागचा पैसा घरमालकांच्या संघटनेचा होता. असल्या भांडणात आपल्या शहराच्या चेंबरने हिरिरीने उतरण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

थेट कायदा करण्याचा हा अधिकार कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९११ साली गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात मिळवला, तो सदर्न पॅसिफिक रेल्वेने विधिमंडळावर बसवलेली पकड सोडवण्यासाठी. आज त्याच मार्गावर सर्वांत मोठा पैसा कंपन्यांचाच ओतला जातो. २०२० मधील प्रॉप २२ साठी ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी व पार्सल कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. प्रस्तावांवरील देणग्यांना राज्यात मर्यादा नाही. एवढ्या पैशापुढे आपल्या चेंबरच्या पत्रकाची किंमत छपाईच्या खर्चात मोजायची नसते. मतदार ते वाचतो, कारण ते त्याच्या ओळखीच्या दुकानदारांचे मत आहे असे त्याला वाटते. ते तसे नसेल, तर मोठ्या कंपन्यांच्या मोहिमेला आमची दुकाने फुकट वापरायला दिल्यासारखे होते.

आता येत्या ३ नोव्हेंबर २०२६ च्या मतदानाकडे येते. स्वाक्षऱ्यांनी येणाऱ्या प्रस्तावांची यादी २५ जूनला पक्की होणार आहे. कायद्यासाठी ५,४६,६५१ आणि घटनादुरुस्तीसाठी ८,७४,६४१ वैध स्वाक्षऱ्या लागतात. विधिमंडळ स्वतःच्या प्रस्तावांसाठी ही मुदत हवी तशी वाकवते, ते सोडा. जुलैमध्ये पुस्तिकेचा मसुदा लोकांना पाहण्यासाठी खुला होतो आणि त्यात राज्याच्या विधिमंडळ विश्लेषक कार्यालयाने केलेला खर्चाचा अंदाज असतो. म्हणजे चेंबरला भूमिका ठरवायला जुलैपासून सप्टेंबरपर्यंतचा वेळ आहे, आणि त्यात पुढील गोष्टी सहज बसतात.

मंडळाने मतदान करण्यापूर्वी सभासदांना प्रत्येक प्रस्तावावर विचारावे. साधी प्रश्नावली पुरे, पण उत्तर देणारा जागेचा मालक आहे की भाडेकरू आणि त्याच्याकडे किती माणसे कामाला आहेत, हे दोन प्रश्न तीत असावेत, कारण त्यांच्याविना बाकीच्या उत्तरांचा अर्थ लागत नाही. प्रस्तावात स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या संचालकाने तो सांगावा, आणि त्याची नोंद इतिवृत्तात राहावी. पत्रकात आपल्या शहरातील दुकानावर नेमका काय परिणाम होईल एवढेच लिहावे. तो काढता येत नसेल किंवा सभासदांत फूट असेल, तर ‘भूमिका नाही’ असे स्वच्छ छापावे. विवाहाच्या हक्काचा प्रॉप ३ किंवा तुरुंगातील सक्तीच्या श्रमाचा प्रॉप ६ यांसारख्या विषयांवर सभासदाने आपल्या विवेकाने मत द्यावे आणि चेंबरने गप्प बसावे, यात कमीपणा काही नाही. आणि लॉबिंगचा टक्का वर्गणीच्या बिलात तळाशी न टाकता रकमेसह वर आणावा, म्हणजे वर्षभरात तो पैसा कुठे गेला हे विचारायला सभासदाला जागा राहील.

मंडळावर काम करणारे बहुतेक जण आपापली दुकाने सांभाळून विनामोबदला वेळ देतात, याची मला जाणीव आहे, आणि प्रश्नावलीचे काम वाढेल हेही दिसते. म्हणून तिचा मराठी अनुवाद, ती मराठी सभासदांपर्यंत पोचवणे आणि उत्तरे गोळा करणे हे काम आमच्या संकुलातील आम्ही दोघी-तिघी करायला तयार आहोत. गुजराती आणि तमिळ सभासदांशीही बोलणे झाले आहे. २५ जूनला यादी पक्की झाल्यानंतरच्या मंडळाच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मला तिथे पाच मिनिटे बोलू द्यावे, ही विनंती. विषय घेता येणार नसेल तर त्याचे कारण लेखी कळवावे.

कळावे,

आपली,
एक सभासद दुकानदार
सांता क्लारा काउंटी